उजवी पाकळी

तुयेच्या देवळात न जाणारी बाई गावात एकच. काशिनाथाची सिंधू. आईला हात धरून पायरीपर्यंत आणून सोडते, तिच्या चपला उचलते आणि रस्त्याकडेच्या मोरीवर जाऊन बसते. आई बाहेर आली की पुन्हा हात धरून घरी. आत पाय ठेवत नाही. कुणी म्हणतं देव कोपलाय, कुणी म्हणतं सोयरीक मोडली तेव्हा तिचं डोकं फिरलं. दोन्ही खोटं. डोकं फिरलं असतं तर सुटली असती बिचारी. तिचं डोकं ठिकाणावर आहे, हाच तर वांधा आहे.

बाप काशिनाथ चोपड्याच्या फेरीबोटीवर खलाशी. ह्या काठावर दोर बांधायचा, त्या काठावर दोर बांधायचा, जन्म त्यात गेला. पोरं दोन, सिंधू मोठी आणि देवेश धाकटा. दोघांना पुढं शिकवणं जमणार नाही हे घरात कुणी बोललं नव्हतं. पण आठवीच्या सुट्टीत सिंधूनं आपलं कंपासपेटीसकट सगळं दप्तर देवेशच्या दप्तरात ओतलं आणि शेजारणीबरोबर काजूच्या कारखान्यात गेली. आई चंद्रावती रडली. सिंधू म्हणाली, "रडतंस कित्या? माका गणितां येयत नाय, तेका येतत."

हे खोटं होतं. गणितं तिलाही यायची.

पुढं तुयेत औद्योगिक वसाहत झाली, आणि काजूच्या धुरातून सुटून सिंधू मोटारींच्या कॉइल गुंडाळायच्या शेडमध्ये लागली. दिवसभर तांब्याची तार साच्यावर फिरवायची, वार्निशचा वास, बोटांना चिंध्या. शेजारी बेळगावची गंगा बसायची. नवरा बांधकामावर, जीभ कातरीसारखी.

"सिंधे, भाऊ इंजिनियर झाला की तू काय राणी होणार?"

"राणी नाय. राजाची भयण."

"राजाच्या बहिणीला कोण विचारतंय गं? लोक विचारतात राजाच्या बायकोला."

सिंधू हसायची. तिला वाटायचं, गंगेचा भाऊ दारुडा, तिला काय कळणार.

देवेश फर्मागुडीच्या कॉलेजात गेला, इलेक्ट्रिकलला. त्याचं शिक्षण चालू होतं तेव्हाच भाषेचं आंदोलन पेटलं. रस्त्यांवर झाडं आडवी, बसेस बंद, शेडमध्ये सुद्धा दोन तट. एक म्हणे मराठी, एक म्हणे कोंकणी. सिंधूला दोन्हीकडून विचारायचे, तू कोणाची? ती म्हणायची, "माका जी भास येता ती मी बोलतंय. नाव तुमका होया ता घाला." तिचं लक्षच नव्हतं तिकडं. देवेशच्या हॉस्टेलची खाणावळ बंद पडली असं कळलं, तेव्हा तिनं भाकऱ्या आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, चटणी बांधली, आणि कुठं चालत, कुठं खनिजाच्या ट्रकात बसून फर्मागुडीला पोचली. गेटवर देवेश आला, डबा घेतला आणि आधी मागं वळून बघितलं, पोरांनी हिला बघितलं की काय. सिंधूनं ते पाहिलं. म्हणाली, "मी भायरच थांबतंय. खावन डबो दी." राग आला नाही तिला. भावाचा राग येतो म्हणजे काय, हेच तिला ठाऊक नव्हतं.

गोवा घटकराज्य झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षी देवेश पास झाला. गावात पहिला इंजिनियर. पण गावाला इंजिनियर म्हणजे काय ते कुठं माहीत? इलेक्ट्रिकल म्हणजे लायटीवाला. कुणाचा फ्यूज गेला, हाक देवेशला. कुणाची इस्त्री तापत नाही, देवेशला. जत्रेच्या दिवशी देवळातला भोंगा बंद पडला तेव्हा नवी पँट घालून उभ्या असलेल्या देवेशला भर मांडवात शिडीवर चढवलं. खालून कुणी तरी ओरडलं, "अरे, चार वर्सां शिकान एक तार जोडूक येयना तुका?" लोक हसले. देवेश खाली उतरला तेव्हा कान लाल झाले होते. त्या दिवसापासून इलेक्ट्रिकल हा शब्द त्याला शिवीसारखा लागायचा.

सिंधूचं लग्नाचं वय उलटून चाललं होतं. घरात कमावणारी तीच, म्हणून कुणी विषय काढत नव्हतं. देवेश पास झाल्यावर मात्र डिचोलीहून दत्तारामचं स्थळ आलं. डिचोलीच्या बाजारात त्याची पिठाची गिरण. मुलगा सगुण ट्रकांच्या गॅरेजात मेस्त, मुलगी तारा. दत्तारामनं साटंलोटं घातलं. सिंधू आपल्या घरी, तारा काशिनाथाच्या घरी. देण्याघेण्याचा प्रश्न नाही. एक झालं तर दोन्ही, एक मोडलं तर दोन्ही. ही रीत दोन्हीकडच्यांना ठाऊक होती.

बघायला आले तेव्हा सिंधूनं चहाचे कोप आणून ठेवले. सगुणची नजर तिच्या चेहऱ्याआधी हातांकडे गेली.

"बोटांक काय झाला?"

"तांब्याची तार."

"माजी बघ." त्यानं आपला हात मेजावर तिच्या हाताशेजारी ठेवला. नखांत काळं डिझेल, एका बोटाचं नख गेलेलं. "आमची दोगांची बोटां बगून भटजी अक्षता टाकूचो नाय."

सिंधू हसली. लग्नाच्या बाबतीत तिला कुणी हसवलं ते तेवढंच. ते तिला पुरलं. त्या दिवसापासून ती शेडमध्ये बोटांना खोबरेल लावायला लागली. गंगा म्हणाली, "लाव लाव. तारेला गोड वाटेल."

दत्तारामची अट साधी होती. जावयाला इथं, गोव्यात नोकरी पाहिजे. वीज खात्यात ज्युनियर इंजिनियरची जागा होती, देवेशची मुलाखत झाली होती, नाव लागल्यात जमा होतं. पेडण्याच्या ऑफिसात बसायचं, संध्याकाळी घरी. आईनं तारासाठी खोली झाडून ठेवली, जनेलाला नवा पडदा शिवला.

आणि तेवढ्यात देवेश मुंबईला जाऊन आला. कसली तरी मुलाखत होती, एवढंच घरी सांगितलं होतं. परत आला तो अंगणातच म्हणाला, "माका अणूशक्तीत घेतलां. एक वर्साचा ट्रेनिंग, मगे थंयच. न्यूक्लिअर इंजिनियर."

काशिनाथ दोर वळत बसला होता. "म्हणजे बाँब?"

"बाँब नाय हो, बाबा. अणूतसून वीज."

"वीज तर पेडण्यात पण आसा मरे."

"बाबा, पेडण्यात खांब आसत. थंय अणू फोडतत."

काशिनाथाला काही कळलं नाही, पण 'फोडतत' हा शब्द आवडला. दुसऱ्या दिवशी फेरीबोटीवर चढणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. "आमचो झील अणू फोडूक जाता."

ही बातमी फेरीतून शिवोलीला, शिवोलीहून म्हापशाला आणि म्हापशाहून डिचोलीला पोचायला वेळ लागला नाही. दत्ताराम आला तो कदेलावर बसलाच नाही. त्या वर्षी कारवारच्या पलीकडच्या अणुकेंद्राविरुद्ध पेपरात रोज काही ना काही यायचं, मोर्चे निघायचे. दत्तारामनं ते सगळं वाचलं होतं.

"काशिनाथ, माजा एक चेडू. अणूत काम करणाऱ्याचे केस गळतत. पोरां जायत नाय, आणि झाली तर वाकडी. तारा मी थंय दिवचंय नाय."

देवेश म्हणाला, "तसा काय नसता हो."

"तुका काय म्हायत? तू अजून गेलंस खंय?" दत्ताराम सिंधूकडे वळला. "बाय, माजो सगुण तुका बरो वाटता ना? मगे भावाक सांग. लायटीचा खाता बरा. इलेक्ट्रिकल राव म्हण, आनी काय नाय."

सिंधूच्या जिवाचे दोन तुकडे होते, एक डिचोलीत आणि एक समोर उभा. घरात चार दिवस कुणी नीट बोललं नाही. देवेश जेवत नव्हता. आई सिंधूच्या पानात वाढताना डोळे पुसायची. शेवटी दत्तारामनंच निरोप धाडला. देवाक कौल लावया. देव सांगात ता दोनूय घरांनी मानूचा.

ह्या मुलखात असंच असतं. घर कुठं बांधायचं, मूल दत्तक घ्यायचं की नाही, कोर्टात जायचं की नाही, देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावायच्या आणि कुठली आधी पडते ते बघायचं. पडली की विषय संपला. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचा नाही.

सोमवारी दोन्ही घरं देवळात जमली. गाव पण जमलं, कारण इंजिनियरीचा कौल कुणी कधी बघितला नव्हता. गुरव सदाशिव आंघोळ करून ओल्या पंच्यानं आला, पाकळ्या भिजवल्या, आणि थांबला.

"काय सांगू देवाक? वाटो कसल्यो?"

"एक लायटीची," दत्ताराम म्हणाला. "ती उजवेर लाव. दुसरी अणूची, डावेर."

"अणू म्हणजे काय सांगू? देवान विचारला तर?"

मागून कुणी तरी म्हणालं, "म्हण, धूळ. बारीक धूळ."

"आधी भास ठरवा," दुसरा म्हणाला. "देव मराठीतसून सांगतलो काय कोंकणीतसून? मगे परत आंदोलन नको." सगळे हसले. काशिनाथ पण हसला. देवेश हसला नाही.

सदाशिवनं पाकळ्या चिकटवल्या, हात जोडले आणि गाऱ्हाण्याच्या सुरात सुरू झाला. बा देवा महाराजा, ह्या काशिनाथाच्या पोरापुढं दोन वाटा उभ्या राहिल्यात, एक लायटीची, एक अणूची, त्याच्या भल्याची असेल ती सोड, आणि पोराची आणि त्याच्या भयणीची घरटी बसव रे महाराजा. सगळे म्हणाले, "होय महाराजा." सिंधूही म्हणाली, सगळ्यांत मोठ्यानं.

मग वाट बघायची. पाणी ठिबकत होतं. पोरं एकमेकांना ढकलत होती, आयांनी धपाटे घातले. सिंधूनं आधी सगुणकडं बघितलं. तो खांबाला टेकून उभा होता, धुतलेल्या हातांनी. मग देवेशकडं बघितलं. त्याचे डोळे डाव्या पाकळीवर असे लागले होते की जणू नजरेनंच ती ओढून पाडणार.

उजवी पडली. सरळ, सुटून, देवाच्या पायाशी.

"लायटीची," सदाशिव म्हणाला. दत्तारामनं देवाच्या उंबऱ्याची धूळ कपाळाला लावली. आईनं तोंडावर पदर घेतला. सगुण सिंधूकडे बघून हसला, आणि सिंधूच्या छातीत असं काही उमललं की तिला स्वतःचीच लाज वाटली.

देवेश एवढंच बोलला, "बरां. चडतंय खांबार." आणि वळला. आवाज रडका नव्हता. मेलेला होता. त्याच आवाजात काशिनाथ बोलायचा, फेरीबोटीवरून आल्यावर, मीठ लागलंय का विचारलं तर. सिंधूनं तो आवाज ओळखला. आठवीपासून ती कुणासाठी बोटं कापत होती? ह्या आवाजासाठी?

"थांब रे," ती म्हणाली.

सगळे वळले.

"सदाशिवभाऊ, देवाक अणूतला काय कळता? देव खंयच्या कॉलेजात गेल्लो? तुमी तेका धूळ म्हणान सांगितल्यात, तो तरी काय करतलो? देवेश थंय जातलो. कौल गेलो खड्ड्यात."

एवढं शांत देऊळ कुणी बघितलं नव्हतं. भोंगा बंद पडलेल्या दिवशी सुद्धा एवढं शांत नव्हतं.

दत्ताराम सावकाश म्हणाला, "चेडवा, तू कोणाच्या समोर उबी आसस ता कळता?"

"कळता."

"मगे आमचा झाला." तो उठला.

सगुण पुढं आला. "सिंधू, गप राव. नारळ ठेव, चूक झाली म्हण. बाबा आयकतले."

"आणि नाय म्हटला तर? तू थांबशीत?"

सगुणनं तिच्याकडे बघितलं, मग बापाच्या पाठीकडे बघितलं. बाप पायऱ्या उतरत होता. सगुण त्याच्या मागं उतरला. बस, एवढंच. वाईट माणूस नव्हता तो. बापाचा मुलगा होता.

सदाशिव सिंधूजवळ आला. त्याला तिची दया आली होती. "बाय, देवाक उलटा बोल्लेला पाठी घेवची रीत आसा. नारळ हाड. काय चूक झाली ती मी गाऱ्हाण्यात मोठ्यान सांगतलंय, गाव होय महाराजा म्हणतलो, झाला. मगे परत स्थळां येतली."

"चूक झालीच नाय तर सांगशात काय?"

"तर मगे भितर येव नको," तो म्हणाला.

ती बाहेर पडली ती तेव्हापासून.

देवेश गेला. जाताना बसच्या खिडकीतून म्हणाला, "बाय, तुजा हा मी इसरूचंय नाय."

"इसरलंस तरी चलात. काम बरां कर."

स्थळ आलं नाही. देवाला तोंड वर करून बोललेली बाई कोण घरात घेणार? सगुणनं पुढच्या वर्षी साखळी गावची मुलगी केली. आणि ताराला कोण मिळाला? वीज खात्यातला ज्युनियर इंजिनियर. देवेशनं सोडलेल्या त्याच जागेवर लागलेला पोरगा. पेडण्याच्या ऑफिसात बसायचा, संध्याकाळी घरी. चतुर्थीच्या बाजारात तारा एकदा भेटली, गोरी, सुखी, कडेवर मूल. सिंधूनं मुलाच्या हातावर खाजं ठेवलं आणि घरी येऊन न जेवता झोपली.

पण देवेशच्या विरुद्ध एक शब्द तिनं ऐकून घेतला नाही. शेडमधला एक कोल्हापूरवाला म्हणाला, तुझ्या भावाला तीन डोळ्यांचं पोर होणार. सिंधूनं गुंडाळलेली कॉइल त्याच्या तोंडावर मारली. मालकानं काढून टाकलंच असतं, गंगेनं मध्ये पडून वाचवलं. म्हणाली, "साहेब, तिच्याशी भावाचं काही बोलायचं नाही असा आमचा शेडचा नियम आहे." मग सिंधूच्या कानात, "त्यानं कधी तुझ्यासाठी कॉइल फेकली का गं कुणावर?"

देवेश चतुर्थीला कधी यायचा, कधी नाही. आला की अंगणात माणसं जमायची. अणू कसा दिसतो, हात लावला तर काय होतं, विचारायची. तो पाय लांब करून बसायचा आणि सांगायचा. फ्यूज बघ म्हणायची आता कुणाची टाप नव्हती. काशिनाथ बाजूला बसून प्रत्येक वाक्याला मान हलवायचा. तिकडच्याच एका इंजिनियरच्या बहिणीशी देवेशचं लग्न झालं, आणि पुढं मुलगी झाली. बारशाला बोलावलं. आईच्यानं प्रवास होत नव्हता, म्हणून काशिनाथ आणि सिंधू गेली. मद्रासच्या खाली, समुद्राच्या काठी केंद्र. एवढी सुंदर कॉलनी सिंधूनं बघितली नव्हती. तिनं मुलीला मांडीवर घेतलं, बोटं मोजली, डोळे बघितले. सगळं जागच्या जागी. डोक्यावर काळंभोर जावळ. "दत्तारामाक दाखवूक होया," ती म्हणाली. देवेश हसला.

दुसऱ्या दिवशी तो तिला स्कूटरवर बसवून केंद्राच्या कुंपणापर्यंत घेऊन गेला. दूर गोल घुमट दिसत होता. अलीकडे कुंपणाच्या आत लोखंडी मनोरे, तारा, आणि घराएवढे ट्रान्सफॉर्मर.

"ह्या माजा," देवेश म्हणाला. ट्रान्सफॉर्मरकडं बोट होतं.

"आणि थंय?" सिंधूनं घुमटाकडं बोट केलं. "थंय अणू फोडतत ना?"

"थंय वेगळी माणसां. आमका थंय काम नाय."

"मगे तू काय करतंस?"

"ह्याच. तारा, ब्रेकर, ट्रान्सफॉर्मर. इलेक्ट्रिकल मेंटेनन्स."

सिंधूनं ट्रान्सफॉर्मरकडं नीट बघितलं. आत तांब्याची तार असणार, गुंडाळलेली. तिला वास सुद्धा आला वार्निशचा, किंवा वाटलं तसं.

"न्यूक्लिअर म्हणालंस मरे तू?"

"म्हणतत तसा. अणूच्या केंद्रात आसंय म्हणान. माजी डिग्री इलेक्ट्रिकल, मगे माका इलेक्ट्रिकलच देतले ना."

"तुका हा कधी कळला?"

"इंटरव्ह्यूतच सांगितल्लां तेंनी." सहज बोलला. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि तो स्कूटरची किल्ली फिरवायला लागला.

"म्हणजे कौलाच्या आदी."

"बाय, आता सात वर्सां झाली त्या गोष्टीक."

"आदी?"

"आदी."

समुद्राचा वारा होता, मनोऱ्यांतून शिट्टीसारखा आवाज येत होता. सिंधूनं उडणारा पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "थंय देवळात तू एक शब्द बोल्लो असतंस. 'थंय पण मी खांबच बघतलंय, इलेक्ट्रिकलच आसंय,' एवढाच. दत्तारामान तारा दिल्यान नसती तर नाय, पण विचार तरी केल्यान असतो."

"तर मगे तुमीच म्हटल्यात असता, थंय पण खांब नि हंय पण खांब, मगे हंयच राव. जन्मभर देवेश फ्यूज बघ, देवेश बल्ब बघ. माका ता नको होता. अणू म्हटल्यार लोक गप जायत." तो तिच्याकडं न बघता बोलत होता. "आनी तू एवढा बोलशीत ता माका काय सपान पडला? मी सांगितल्लां तुका, कौल मोड म्हणान?"

"नाय."

"मगे? आनी सगुण नाय तर दुसरो बघूक होयो होतो. तुजा तूच अडवलंस."

सिंधूचा हात शिवशिवला. हातात कॉइल नव्हती. आणि असती तरी समोर देवेश होता.

"चल," ती म्हणाली. "पोर भुकेला आसतला."

स्कूटरवर बसताना तो हळूच म्हणाला, "बाबाक सांगू नको. फेरीतल्या सगळ्यांक सांगितल्यान तेणी. आता ह्या वयात..."

ती त्याच्या मागं बसली. पडू नये म्हणून त्याच्या खांद्याला धरावं लागतं, ते धरलं.

गावी परतल्यावर तिठ्यावर दुकानदारानं विचारलं, "काय गो, अणू कसो आसा?"

"बरो आसा. तुजी याद काढता."

दुकानात बसलेले हसले. काशिनाथ सगळ्यांत जास्त हसला. मग बाकावर टेकला आणि सांगत सुटला. घुमट केवढा, समुद्र केवढा, साहेब लोक देवेशला कसे नमस्कार करतात. सिंधू पिशवी घेऊन पुढं चालायला लागली.

शेडमध्ये गंगेनं एकदा विचारलं, "काय बघून आलीस? तोंड असं का?"

"काय नाय. देव बरोबर होतो."

"कुठला देव?"

"तार बघ तुजी," सिंधू म्हणाली. त्यापलीकडं गंगेला सुद्धा काही मिळालं नाही.

रात्री पडल्या पडल्या तिला हसू यायचं, कडू जहर हसू. उजवी पाकळी. लायटीची. देव कॉलेजात गेला नव्हता, पण निकाल बरोबर लावला होता. देवेश इलेक्ट्रिकलच झाला. देवेशला माहीत होतं, देवाला माहीत होतं, मधल्या मधे एकटी सिंधू मूर्ख.

त्या पावसाळ्यात आईला ताप भरला. उतरला, पण अंगात काही राहिलं नाही. बसली की म्हणायची, "सिंधू, माज्या जिवात जीव आसा तवसर देवाकडे चूक मान गो. लगीन नको करूस, पण देवाच्या दारात तरी ये. मी मेल्यार माज्या नावान देवाक नारळ ठेवूक भितर कोण जातली?"

चूक मानायला आता सिंधूची ना नव्हती. चूक झालीच होती. एका सोमवारी तिनं घरच्या माडाचा नारळ सोलला, शेंडी ठेवली आणि देवळाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. काशिनाथ पण मागोमाग आला. रिटायर झाला होता, तरी फेरीबोटीचा खाकी शर्ट अजून घालायचा. बघता बघता दहा माणसं जमली. सदाशिव बाहेर आला, म्हातारा झालेला. नारळ बघून त्याचे डोळे भरले.

"इलंस, बाय. बरां केलंस. सांग, काय म्हणू देवाक?"

"म्हण, चूक झाली."

"कसली ती सांगूक होयी. अर्ध्या चुकीक गाव होय महाराजा कसो म्हणतलो?"

सिंधूनं ओठ ओले केले. "देवान लायटीची वाट सांगितल्यान. मी म्हटला देवाक कळना. आनी देवेश..."

"देवेश काय?" मागून काशिनाथ म्हणाला. मान पुढं काढून उभा होता, फेरीत उतारूंना सांगताना जसा उभा राहायचा तसाच. पोराचं नाव आलं की त्याला सगळं ऐकायचं असायचं. जमलेले लोकही पुढं सरकले. दुकानदार होता, भोंग्याच्या दिवशी हसणारे होते.

सिंधूनं बापाच्या शर्टाकडं बघितलं. कॉलर विटलेली, बटणं मात्र सगळी जागेवर, तिनंच लावलेली.

तिनं नारळ कानाशी धरून हलवला.

"हो नारळ कुसको आसा," ती म्हणाली. "चलूचो नाय."

"माका दी बघू," सदाशिवनं हात पुढं केला.

"कुसको म्हटला ना. मगे येतंय कधी तरी."

नारळ काखेत मारून ती वळली. सदाशिव तिथंच उभा राहिला. मागून कुणी तरी म्हणालं, "अजून माज गेलो नाय चेडवाचो." तिनं ऐकलं. काशिनाथनंही ऐकलं.

घरी येऊन तिनं नारळ फोडला. पांढरा शुभ्र निघाला, पाणी साखरेसारखं. खवला, मिरच्या आणि तिरफळं घालून पाट्यावर वाटला, आणि बांगड्यांचं हुमण केलं. आई बिछान्यातून वास घेत होती.

"कसो झालो गो? देवाक पावलो नारळ?"

"बांगड्यांक पावलो," सिंधू म्हणाली, आणि आईच्या भातावर आणखी एक पळी वाढली.